घटनांचा क्रम : वितरित संगणनाच्या परीक्षार्थींसाठी एक पाठ

अनेक स्वतंत्र संगणक परस्परांस केवळ संदेश धाडून जेव्हा एकच कार्य पार पाडतात, तेव्हा त्या व्यवस्थेस वितरित संगणन प्रणाली असे म्हणतात. या विषयाच्या परीक्षेस बसणाऱ्याने व्याख्या पाठ करण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारावा : दोन संगणकांवरील दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे ठरवावयाचे कसे?

समजा, एका खात्यात ५०० रुपये असून त्याची नोंद दोन संगणकांवर आहे. ३०० रुपयांचा भरणा व ७०० रुपये काढण्याची मागणी जवळजवळ एकाच वेळी आली. पहिल्या संगणकाने भरणा आधी धरला, तर शिल्लक १०० रुपये राहते. दुसऱ्याने मागणी आधी धरली, तर ती नाकारली जाऊन शिल्लक ८०० रुपये होते. खाते एक, शिलका दोन!

घड्याळे पाहून हा तंटा मिटत नाही. घड्याळात दहा लाखांत एका भागाची चूक असली, तरी सुमारे १२ दिवसांत १ सेकंदाचा फरक पडतो. आणि संदेश तर सेकंदाच्या अल्पांशात पोहोचतात.

१९७८ मध्ये अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी निराळा मार्ग दाखविला. पत्रावर तारीख नसली, तरी उत्तर हे मूळ पत्रानंतरचेच असते. तद्वत संदेश मिळणे हे तो धाडण्यानंतरचेच होय. म्हणून प्रत्येक संगणकाने एक गणक ठेवून पुढील नियम पाळावेत :

१. प्रत्येक घटनेस गणक १ ने वाढवावा.
२. संदेशासोबत तो धाडतानाचा अंक पाठवावा.
३. संदेश मिळताच आपला व आलेला यांपैकी मोठा अंक घेऊन त्यात १ मिळवावा.

‘क’ ने ५ या अंकाचा संदेश धाडला व ‘ख’ चा गणक २ वर असला, तर संदेश मिळण्याच्या घटनेस ६ हा अंक लाभतो. अंक समान आल्यास संगणकांचा ठरलेला अनुक्रम पाहावा. असा क्रम सर्वत्र एकच लागत असल्याने, सर्व संगणकांनी त्याच क्रमाने नोंदी केल्यास दोन शिलका उरत नाहीत.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. आधीच्या कारणघटनेचा अंक लहान असतोच; परंतु अंक लहान आहे एवढ्यावरून ती घटना आधीची ठरत नाही. ज्यांच्यामध्ये संदेशांची साखळी नाही, त्या घटना समवर्ती होत.

स्वाध्याय : ‘ग’ ने कोणताही संदेश न धाडता वा न स्वीकारता ३ अंकाची घटना केली. ती वरील ६ अंकाच्या घटनेपूर्वीची म्हणता येईल काय? सकारण लिहा.