‘च’ची गोष्ट: अनिवार्य म्हणजे नेमकं काय?

आजोबांच्या दफनविधीनंतर घरी आलेला जो तो म्हणत होता, ‘व्हायचंच होतं.’ मला तेव्हा रागच आला. खरंच व्हायचंच होतं? एक दिवस आधी दवाखान्यात नेलं असतं तर? हा ‘च’ आपण सहज वापरतो. तत्त्वज्ञानात मात्र त्याचे प्रकार वेगळे करावे लागतात.

पहिला प्रकार तार्किक. ‘पाऊस पडतोय किंवा पडत नाही’ हे खरं आहे, हे कळायला खिडकीबाहेर बघावं लागत नाही. पावसाच्या जागी बर्फ घाला, तरी खरंच. इथे विधानाचा साचाच त्याला खरं करतो.

आता ‘पहाटतारा म्हणजेच सांजतारा’ हे विधान घ्या. त्याच साच्यात ‘गुरू म्हणजेच शनी’ घातलं की ते खोटं ठरतं. म्हणजे इथे साचा पुरत नाही, आकाश बघावं लागतं. पण दोन्ही नावं शुक्राचीच, हे एकदा कळलं की मग तो ग्रह स्वतःहून वेगळा असूच शकला नसता. त्याची कक्षा वेगळी असती, एक वेळ चालेल. तो ‘तो’ नसता, हे अशक्य. ही तत्त्वमीमांसेतली अनिवार्यता. अनिवार्य ते अनुभवाआधीच कळतं, असं कांटच्या परंपरेत मानत. १९७० साली प्रिन्स्टनमधल्या व्याख्यानांत सॉल क्रिप्केने ही जोडी तोडली.

मग तर्कशास्त्राचं काम काय? ते पूल बांधतं. प्रत्येक वस्तू अनिवार्यपणे स्वतःच असते. अ आणि ब एकच असतील, तर अ-ला लागू ते ब-लाही लागू. म्हणून अ हा अनिवार्यपणे ब. ही सिद्धता रूथ बार्कन मार्कस यांनी १९४७ मध्येच मांडली होती. पूल तर्काचा, पण ‘अ आणि ब एकच’ ही पहिली पायरी जगाकडून येते. म्हणून तर्काने अनिवार्य ते सगळं या अर्थानेही अनिवार्य, पण उलट नाही.

क्रिप्के आणखी एक म्हणतो: माणूस दुसऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मलाच नसता. हे मान्य केलं, तर माझा हिशेब असा होतो: आजोबांनी त्याच दिवशी जाणं अनिवार्य नव्हतं. पण ते नसते तर बाबा नसते आणि मीही नसते, हे मात्र अनिवार्य. ‘व्हायचंच होतं’ हा लोकांनी दिलेला दिलासा होता, सिद्धता नव्हे. आता राग येत नाही. फक्त तो ‘च’ मी योग्य जागी ठेवते.