बांधाचा दावा आणि नव्वद दिवस

प्रश्न : बांध कोरल्याच्या दाव्यात प्रतिवादी कैफियतच देत नाही. काय करावे?
– एक शेतकरी, डोंगरकडा (जि. हिंगोली)

उत्तर : दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. २००२ च्या दुरुस्तीने समन्स बजावल्यापासून ३०, फार तर ९० दिवसांत कैफियत (लेखी उत्तर) देण्याचे बंधन आले. सुनावणीत एका पक्षाला तीनच तहकुबी. मात्र २००५ मध्ये ‘कैलाश विरुद्ध नन्हकू’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपवादात्मक कारणासाठी कैफियतीची ही मुदत सैल करता येईल, असे ठरवले. रेंगाळणाऱ्यांचे तिथेच फावले.

म्हणून मुदत उलटताच वकिलांमार्फत ‘विनाकैफियत’ (कैफियतीविना दावा पुढे चालवण्याच्या) आदेशासाठी अर्ज द्यावा.

बांधाचा वाद नुसत्या साक्षींनी क्वचितच मिटतो, मोजणी लागते. संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून भूमी अभिलेखकडून मोजणी मागावी. नकाशात अतिक्रमण थेट दिसते. लोकअदालतीत तडजोड झाली, तर कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपीलही नसते.