आगबोट आणि प्रवासवृत्त : लिव्हरपूल ते फिलाडेल्फिया



पंडिता रमाबाई यांचे 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक १८८९ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले प्रकरण अटलांटिक महासागरावरील प्रवासाचे आहे. बहुतेक वाचक ते घाईने संपवून अमेरिकेच्या समाजवर्णनाकडे वळतात. आपण तसे करू नये. शिरवणे-नेरूळ परिसरातून न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर आपण पाहतो. जहाज म्हणजे माल, अशीच आपली समजूत झालेली असते. माणसांनी भरलेली आगबोट आपल्याला प्रयत्नपूर्वक डोळ्यांपुढे आणावी लागते.

शिडाच्या जहाजाला युरोपातून अमेरिकेस पोहोचण्यास पाच-सहा आठवडे लागत, आणि वारा प्रतिकूल असल्यास त्याहूनही अधिक. १८३८ मध्ये 'ग्रेट वेस्टर्न' ही आगबोट सुमारे १५ दिवसांत न्यूयॉर्कला पोहोचली. १८४० पासून क्युनार्ड कंपनीच्या बोटी ठरलेल्या तारखांना टपाल नेऊ लागल्या. या पहिल्या बोटी लाकडी होत्या आणि बाजूच्या मोठ्या चाकांनी पाणी कापत. पुढे लोखंडी सांगाडा आला, चाकांची जागा पाण्याखालील पंख्याने घेतली. त्याहून महत्त्वाचा बदल इंजिनात झाला. एका नळकांड्यात वापरलेली वाफ दुसऱ्या, मोठ्या नळकांड्यात पुन्हा कामाला लावण्याची युक्ती रूढ झाल्यावर कोळसा कमी लागू लागला. वाचलेल्या जागेत उतारू आले. वरच्या वर्गाच्या खोल्यांची वर्णने पुष्कळ आढळतात. परंतु कंपन्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग खालच्या मजल्यावर दाटीवाटीने जाणाऱ्या गरीब स्थलांतरितांच्या भाड्यातून येई.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई 'ब्रिटिश प्रिन्सेस' या आगबोटीने लिव्हरपूलहून निघाल्या. सोबत मनोरमा होती. तिला पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती. हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक हा वादळांचा काळ. फिलाडेल्फिया तर समुद्रकाठी नाही. महासागर ओलांडल्यावर डेलावेअर नदीतून बरेच अंतर वर जावे लागते. बिनतारी संदेशयंत्रणा अद्याप जन्मली नव्हती. किनारा दिसेनासा झाला, की बोट कोठे आहे हे जगात कोणालाही कळत नसे. १८७० मध्ये 'सिटी ऑफ बोस्टन' ही बोट हॅलिफॅक्सहून लिव्हरपूलकडे निघाली आणि सर्व माणसांसह नाहीशी झाली.

रमाबाईंना मात्र तारीख गाठायची होती. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी यांचा वैद्यकीय पदवीदान समारंभ होता. आनंदीबाई स्वतः एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघून जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या होत्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात त्यांनी आपल्या जाण्याची कारणे जाहीरपणे मांडली होती, कारण समुद्रोल्लंघन कलिवर्ज्य मानले जाई आणि परतणाऱ्यापुढे प्रायश्चित्ताचा किंवा बहिष्काराचा प्रश्न उभा राही. वाफेने आठवडे वाचवले. हा प्रश्न वाफेच्या आवाक्यातला नव्हता. रमाबाईंची स्थिती आणखी वेगळी होती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला असल्यामुळे जातीचे दार त्यांच्यासाठी आधीच मिटले होते. दोघींचा समुद्र एकच असला, तरी दोघींनी पणाला लावलेली गोष्ट एक नव्हती, हे ध्यानात ठेवावे.

वाचताना आणखी एक बाब पाहावी. थोड्या दिवसांचा मुक्काम दोन वर्षांहून अधिक लांबला. आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात निवर्तल्या. रमाबाई १८८९ च्या आरंभी मुंबईस आल्या. ११ मार्चला, म्हणजे त्या समारंभाच्याच तारखेस, त्यांनी शारदा सदन उघडले. पुस्तक त्यानंतर छापून आले. म्हणजे पहिल्या प्रकरणातील प्रवासी स्त्रीला पुढचे काही ठाऊक नाही. तिची गोष्ट वाचकांपुढे ठेवणाऱ्या लेखिकेला मात्र सारे ठाऊक आहे.

स्वाध्याय : पहिले प्रकरण पुन्हा वाचा. 'प्रवासी' रमाबाई आणि 'लेखिका' रमाबाई यांचे स्वर कोठे वेगळे ऐकू येतात, ते मूळ वाक्यांच्या आधारे दहा ओळींत लिहा.