संगणकातील धूळपाटी

नांदेड-लातूरकडील अनेक शिक्षक निकालपत्रके घरच्या संगणकावर ठेवतात. त्यातच पेनड्राइव्हवरून मिळालेले एखादे फुकटचे मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर बसविले आणि त्यात विषाणू निघाला, तर वर्षाचे काम बुडते. असे सॉफ्टवेअर प्रथम ‘सँडबॉक्स’मध्ये चालवून पाहावे. पूर्वी मुले धूळपाटीवर अक्षर गिरवीत. हात फिरवताच ते पुसले जाई. तसाच हा प्रकार. २०१९ पासून विंडोजच्या प्रो व एज्युकेशन आवृत्त्यांत ही सोय आहे. खिडकी बंद करताच आतील सर्व नाहीसे होते. होम आवृत्तीत ती नाही. तेथे ‘सँडबॉक्सी’ हे विनामूल्य साधन वापरावे. मात्र आत सुरळीत चालले म्हणून सॉफ्टवेअर निर्दोष ठरत नाही. शिवाय आतूनही इंटरनेट चालू असते. तेथे बँकेचा पासवर्ड कदापि टाकू नये.