कावळा बसला आणि फांदी तुटली

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण सहज म्हणतो. फांदी आधीच किडलेली होती, कावळा निमित्तमात्र ठरला, हे आपल्याला कळते. शास्त्री-पंडितांनी अशा योगायोगाला 'काकतालीय न्याय' असे नावही दिले आहे. पण घरात आजारपण आले की हे शहाणपण आपण विसरतो. अमुक केले आणि बरे वाटले, एवढ्यावरून अमुक केल्यामुळेच बरे वाटले असे मन ठरवून टाकते. म्हणून आज एखाद्या रोगाऐवजी विचार करण्याच्या या सवयीकडे पाहू. आपल्या जिल्ह्यात ती जिवावर बेतू शकते.

'आणि'चे 'म्हणून' कसे होते?

"माळ घातली आणि कावीळ उतरली." या वाक्यात दोन घटना एकामागून एक घडल्या, एवढेच सांगितले आहे. ऐकणारा मात्र 'आणि'च्या जागी 'म्हणून' ऐकतो. आपले नेहमीचे शब्दही त्यात भर घालतात. 'गुण आला', 'लागू पडले' असे म्हटले की कारण सापडले असेच वाटते.

वस्तुस्थिती अशी की दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माळेच्या ओल्या काड्या वाळतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबत जाते. दोन्ही गोष्टी आपापल्या कारणाने घडतात. आपण त्यांची सांगड घालतो.

सापाचे विष 'उतरते' तेव्हा

पेरणी ते कापणीपर्यंत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. धामण, दिवड, कवड्या यांसारखे अनेक साप बिनविषारी असतात. आपल्याकडे प्रामुख्याने धोका असतो तो नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचा. त्यांच्याही प्रत्येक दंशात विष अंगात जातेच असे नाही.

आता हिशेब करून पाहा. समजा, एका मांत्रिकाकडे शंभर जण आले. त्यांतल्या सत्तर जणांना बिनविषारी साप चावला होता, पंधरा जणांना विषारी साप चावूनही विष गेले नव्हते आणि उरलेल्या पंधरांच्या अंगात खरोखर विष होते. पहिले पंच्याऐंशी काहीही न करता घरी चालत गेले असते. पण गावात बोलबाला होतो तो "बुवाने पंच्याऐंशी वाचवले" असा. दगावलेल्यांविषयी लोक म्हणतात, "उशिरा आणले" किंवा "त्याची वेळ भरली होती." म्हणजे यश बुवाचे आणि अपयश नशिबाचे! अशा हिशेबात बुवा कधीच खोटा ठरत नाही.

मण्यार तर यात मोठा घात करतो. तो बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. वेदना आणि सूज फारशी नसते. "विष उतरले" म्हणून घरचे निश्चिंत होतात आणि काही तासांनी पापण्या जड होऊ लागतात, श्वास अडखळतो. तोवर मोलाचा वेळ गेलेला असतो. सर्पदंशाच्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

"मला कधी काही झाले नाही"

हीच चूक उलट्या बाजूनेही होते. २०१७ च्या खरीप हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तरीही "इतकी वर्षे फवारतो, कधी काही झाले नाही" हे वाक्य ऐकू येतेच. ज्यांना काही झाले ते हे सांगायला पारावर येत नाहीत, हे आपण लक्षात घेत नाही. शिवाय ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचा परिणाम रोजच्या फवारणीने अंगात साठत जातो. काल त्रास झाला नाही, हा आज होणार नाही याचा पुरावा नव्हे.

मन असे का वागते?

पीटर वॉसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २-४-६ हे आकडे एका नियमात बसतात, तो नियम ओळखा, असे त्याने लोकांना सांगितले. लोकांनी स्वतः आकडे सुचवायचे आणि ते नियमात बसतात की नाही हे तो सांगणार. बहुतेकांनी मनात 'दोनाने वाढणारे आकडे' असे धरले आणि ८-१०-१२ असेच आकडे विचारत राहिले. प्रत्येक वेळी 'बरोबर' असे उत्तर येई. खरा नियम फक्त 'चढते आकडे' एवढाच होता. १-२-३ विचारले असते तरी आपला अंदाज चुकल्याचे कळले असते. आपले म्हणणे खोटे ठरेल असा प्रश्न विचारायला मन तयार नसते. घरी मुलांबरोबर हा खेळ जरूर खेळून पाहा.

वैद्यकशास्त्राने यावर उपाय काढला तो तुलनेचा. १९४८ साली इंग्लंडमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध दिलेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, केवळ विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४ दगावले. दुसरा गट नसता तर औषधाचे खरे मोल कळलेच नसते.

वाचकहो, "याने गुण येतो" असे कोणी सांगितले, मग तो बुवा असो, दुकानदार असो की आम्ही डॉक्टर, तर चार प्रश्न विचारा :

१) किती जणांना दिले आणि किती जणांना गुण आला नाही?
२) काहीच न घेता किती जण बरे होतात?
३) हा आजार आपोआप बरा होणारा आहे का?
४) हे चुकीचे ठरले तर काय गमवावे लागेल?

सर्पदंशात चौथा प्रश्न पहिला विचारा आणि वेळ घालवू नका. जखम कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी आवळू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णाला धीर द्या, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने थेट सरकारी दवाखाना गाठा.