बोइंग ७७७च्या मर्यादा कशा शिकाव्यात



मोठ्या प्रवासी जेटच्या मॅन्युअलमधले ‘लिमिटेशन्स’ हे प्रकरण मोजक्या पानांचे असते आणि टाइप रेटिंगच्या तोंडी परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतात. त्यामुळे नवा वैमानिक ते घोकून टाकतो. घोकावेच लागते, कारण हवेत असताना पान शोधायला वेळ नसतो. पण प्रत्येक आकडा विमानाच्या कोणत्या तरी भागाचा असतो: पंखाच्या मुळाचा, टायरचा, टाकीतल्या इंधनाचा, केबिनच्या भिंतीचा. आकड्याबरोबर तो भागही शिकावा. आकडा कशाचे रक्षण करतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तो कुठे रक्षण करत नाही हेही कळत नाही. उदाहरणासाठी येथे बोइंग ७७७-३००ईआर घेतले आहे. एअर इंडियाच्या ताफ्यातले हे विमान भारतातून थेट उत्तर अमेरिकेपर्यंत जाते.

सुरुवात वजनापासून करावी. या विमानाचे सर्वाधिक टेकऑफ वजन ३,५१,५३४ किलो आणि सर्वाधिक लँडिंग वजन २,५१,२९० किलो आहे. इंधन वगळून भरलेल्या विमानाचे वजन, म्हणजे झीरो फ्युएल वेट, सुमारे २,३७,६८० किलोंच्या वर जाऊ द्यायचे नाही. ही तिसरी मर्यादा नवख्याला सर्वांत कोड्यात टाकते. उड्डाणात भार पंख उचलतात आणि धड मध्ये असते. दोन टोकांना धरून उचललेल्या फळीच्या मध्यावर ओझे ठेवावे, तसा ताण पंखांच्या मुळाशी येतो. पंखांतल्या टाक्यांत इंधन असेल तर त्याचे वजन पंखाला तिथल्या तिथे खाली दाबते आणि मुळाशी येणारा वाक कमी होतो. प्रवासी आणि माल धडात असतात, त्यांच्याकडून अशी मदत मिळत नाही. म्हणून इंधनाखेरीजच्या वजनाला वेगळी मर्यादा लागते, आणि म्हणूनच मधल्या टाकीतले इंधन आधी वापरून पंखांतले नंतरसाठी राखतात. या विमानात सुमारे १,८१,००० लिटर, म्हणजे अंदाजे १४५ टन इंधन मावते. पण झीरो फ्युएल वेट पुरेपूर वापरले तर टेकऑफच्या मर्यादेपर्यंत ११४ टनांचीच जागा उरते. फार लांबच्या मार्गावर माल का सोडून जावा लागतो, याचे उत्तर या वजाबाकीत आहे.

टेकऑफ आणि लँडिंग यांच्या वजनांत १०० टनांचा फरक आहे, कारण लँडिंगच्या वेळी चाके जमिनीवर आदळतात. प्रमाणनाच्या नियमांनुसार लँडिंग गिअर आणि सांगाडा यांनी लँडिंग वजनाला सेकंदाला १० फुटांचा उतरण्याचा वेग सोसावा लागतो, पण टेकऑफ वजनाला फक्त ६ फुटांचा. म्हणजे जड विमान उतरवता येते, मात्र हळुवार. टेकऑफनंतर लगेच परतण्याची वेळ आली तर इंधन हवेत सोडून वजन कमी करण्याची सोय या विमानात आहे. पण आग किंवा धूर असेल तर वजन कमी होण्याची वाट पाहू नये. ओव्हरवेट लँडिंगची कार्यपद्धती त्यासाठीच लिहिलेली असते.

हे सगळे सांगाड्याचे आकडे झाले. प्रत्यक्ष परवानगीचे वजन दर उड्डाणाला वेगळे निघते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकला की हवा विरळ होते, इंजिनांचा जोर घटतो, आणि त्याच वजनाला अधिक वेगाने धावावे लागते. मग टायरची मर्यादाही आड येऊ शकते. टायरवरचा आकडा जमिनीसापेक्ष वेगाचा असतो, वेगदर्शकावरच्या वेगाचा नव्हे. उष्ण आणि उंच विमानतळावर हे दोन वेग एकमेकांपासून बरेच दूर जातात.

वेगाच्या वरच्या मर्यादा दोन आहेत: ३३० नॉट आणि मॅक ०.८९. खालच्या दाट हवेत ३३० नॉटची मर्यादा आधी गाठली जाते, कारण तिथे प्रश्न हवेच्या दाबाचा असतो. वर हवा विरळ आणि थंड असते, तिथे ध्वनीच्या वेगाजवळ जाताना पंखांवर निर्माण होणारे शॉक आणि त्यातून सुरू होणारा थरकाप हा प्रश्न असतो. प्रमाण वातावरणात हे दोन आकडे सुमारे ३१,००० ते ३२,००० फुटांच्या दरम्यान एकमेकांना भेटतात. चढताना वैमानिकाची नजर नॉटवरून मॅकवर जाते ती याच पट्ट्यात. फ्लॅपचे वेग लिव्हरजवळच्या पाटीवर लिहिलेले असतात, तरी ते तोंडपाठ हवेत. २०,००० फुटांच्या वर फ्लॅप उघडायचेच नाहीत.

भाराच्या मर्यादेवर अधिक थांबावे, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. फ्लॅप मिटलेले असताना विमान अधिक २.५ जी ते उणे १ जी एवढा भार सोसेल असे ते बांधलेले असते. फ्लॅप उघडले की वरची मर्यादा २ जीवर येते. याला लिमिट लोड म्हणतात. त्याच्या दीडपट म्हणजे अल्टिमेट लोड; तेवढ्या भाराखाली सांगाडा निदान ३ सेकंद टिकलाच पाहिजे. जानेवारी १९९५ मध्ये एव्हरेट येथे ७७७चा पंख मुद्दाम तुटेपर्यंत वाकवला गेला, तेव्हा तो लिमिट लोडच्या १५४ टक्क्यांवर तुटला. ही उत्तम अभियांत्रिकी आहे, पण हा अर्धा हिस्सा वैमानिकाचा नाही. तो धातूतील दोष, झीज आणि कोणीच न पाहिलेले वादळ यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे. फेब्रुवारी १९८५ मध्ये चायना एअरलाइन्सचे ७४७एसपी पॅसिफिकवर ४१,००० फुटांवरून सुमारे ३०,००० फूट कोसळले आणि सावरताना त्यावर ५ जीच्या आसपास भार आला. ते सॅन फ्रान्सिस्कोला सुखरूप उतरले, पण शेपटीचे मोठे तुकडे वाटेत तुटून पडले होते.

याच प्रकरणात मनुव्हरिंग स्पीड येतो. या वेगाच्या आत असताना कंट्रोल पूर्ण वळवला तरी सांगाडा तुटत नाही, असे ढोबळपणे शिकवले जाई. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे फ्लाइट ५८७, एक एअरबस ए३००-६००, पुढे गेलेल्या ७४७च्या वेक टर्ब्युलन्समध्ये सापडले. को-पायलटने काही सेकंदांत रडरचे पेडल आलटून पालटून दोन्ही बाजूंना जोरात दाबले. उभी शेपटी अल्टिमेट लोडच्याही पलीकडच्या भाराने मुळापासून निखळली. विमानातले सर्व २६० आणि जमिनीवरचे ५ जण मरण पावले. विमानाचा वेग मनुव्हरिंग स्पीडच्या आतच होता. ती मर्यादा एका दिशेने एकदाच पूर्ण वळवण्यासाठी मोजलेली होती. नाक एका बाजूला झुललेले असताना उलटा रडर पूर्ण दिला, तर दोन्ही भार एकत्र येतात, आणि त्या आकड्यात हा हिशेब नव्हता. पुढे मॅन्युअलांत तसा स्पष्ट इशारा घातला गेला. जेटमध्ये रडर हे क्रॉसविंडसाठी आणि इंजिन बंद पडल्यावरचे साधन आहे. टर्ब्युलन्समध्ये पाय शांत ठेवावेत.

उंचीची मर्यादा ४३,१०० फूट आहे, आणि तिच्यामागे केबिन आहे. आत साधारण ८,००० फुटांवरचा दाब राखायचा तर बाहेरच्या विरळ हवेशी असलेला फरक धडाच्या भिंतीला सोसावा लागतो. दाब अचानक गेला, तर ऑक्सिजन पुरेल तोवर खाली उतरता आले पाहिजे, हाही हिशेब त्यात असतो. मात्र जड विमान एवढ्या उंचीच्या जवळपासही जाऊ शकत नाही. त्या दिवसाच्या वजनाला आणि तापमानाला योग्य उंची फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर दाखवतो. ती सोडून वर चढण्याचा मोह टाळावा. तिथे मंद वेगाचा थरकाप आणि वेगवान थरकाप यांच्यामधली वाट अरुंद होते.

इंधनाच्या तापमानाची मर्यादा लांबच्या रात्रींची सोबतीण आहे. टाकीतल्या इंधनाचे तापमान त्याच्या गोठणबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवे. भारतात मिळणाऱ्या जेट ए-१चा गोठणबिंदू उणे ४७ अंश सेल्सिअस, तर अमेरिकेत सर्रास भरल्या जाणाऱ्या जेट एचा उणे ४०. म्हणजे जाताना उणे ४४ची असलेली सीमा अमेरिकेहून परतताना उणे ३७वर येते, तेही उत्तर ध्रुवाजवळच्या मार्गावर. कुठे इंधन भरले, याची नोंद म्हणूनच डोक्यात हवी. तापमान घसरत चालले तर कमी उंचीच्या उबदार हवेत उतरावे किंवा वेग थोडा वाढवावा.

तरीही हा आकडा काय पाहत नाही, ते १७ जानेवारी २००८ रोजी हीथ्रोला दिसले. बीजिंगहून आलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ७७७-२००ईआरची दोन्ही इंजिने धावपट्टीच्या अगदी जवळ येऊन जोर देईनाशी झाली आणि विमान अलीकडच्या गवतात उतरले. जीवितहानी झाली नाही. प्रवासात इंधनाचे तापमान उणे ३४पर्यंतच गेले होते, मर्यादेच्या पुष्कळ आत. इंधन गोठलेच नव्हते. त्यात नेहमीच असणाऱ्या किंचितशा पाण्याचा बर्फ पाइपांत साचला, जोर वाढवताच सुटून पुढे आला आणि हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकला. नंतर त्या इंजिनाच्या हीट एक्स्चेंजरची रचना बदलली गेली. विमानाने सर्व मर्यादा पाळल्या होत्या. ही वाट तेव्हा कोणाच्या आकड्यात नव्हती.

वारा आणि धावपट्टीचे आकडे छोटे असतात, पण त्यांना हलके मानू नये. टेलविंड बहुतेक जेटना १० नॉट, काहींना १५ नॉटपर्यंत मान्य असतो आणि कंपनी ओल्या धावपट्टीसाठी तो आणखी कमी ठरवू शकते. १५० नॉटने टेकणाऱ्या विमानाला १० नॉट टेलविंड मिळाला, तर ब्रेकना शोषावी लागणारी ऊर्जा सुमारे १४ टक्क्यांनी वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला पावसात उतरलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे ७३७-८०० धावपट्टीच्या टोकापलीकडे खाली गेले आणि २१ जण दगावले. चौकशी अहवालानुसार टेलविंड १४ नॉट होता आणि ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाके ४,४३८ फुटांवर टेकली. टेलविंडचा आकडा ठरावीक पट्ट्यात टेकण्याच्या गृहीतावर उभा असतो. ते गृहीत सुटले की गो-अराउंड करावा.

एखादी मर्यादा ओलांडली गेली, तर ती टेक लॉगमध्ये लिहावी. फ्लॅप ओव्हरस्पीड, हार्ड लँडिंग, ओव्हरवेट लँडिंग, टर्ब्युलन्समध्ये लागलेला जबर झटका यांपैकी काहीही असो. वेग, वजन, उंची, फ्लॅपची स्थिती यांच्यासह. बरेचसे रेकॉर्डरमध्ये उमटलेलेच असते, पण अभियंत्याला कुठे पाहायचे ते त्या ओळीवरून लगेच कळते. प्रत्येक प्रकाराची तपासणी वेगळी असते: एकीत फ्लॅपचे ट्रॅक आणि जोड उघडतात, दुसरीत लँडिंग गिअरचे आधार. ती पूर्ण होऊन विमान सोडल्याची सही झाल्यावरच ते पुढच्या उड्डाणाला जाते.