कान शाबूत ठेव

दादर, मुंबई

चि. बाळ,

परवा तुझ्या आईचा फोन आला, तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. तू रात्र रात्र हेडफोन लावून एकच आल्बम ऐकत पडतोस, सकाळी कानात शिट्टी वाजते असे सहज बोलून जातोस, आणि पाठीमागून तीनदा हाक मारल्याखेरीज वळून पाहत नाहीस, ही ती इत्तला. दुसऱ्या घरी ही तक्रार हसण्यावारी गेली असती. आपल्या घरी ती का जात नाही, हे तुला सांगावयास नको.

तुझ्या आजोबांची सारी उमेद लालबागच्या गिरणीत, साचेखात्यात खर्ची पडली. शेकडो साच्यांचे धोटे एकाच वेळी आपटत असता माणसाचा शब्द माणसाला पोचत नसे. ओठांच्या हालचालीवर आणि बोटांच्या खुणांवरच सारा व्यवहार चाले. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, परंतु तोवर कान गेलेच होते. चाळीत भजन असले की ते पेटीवाल्याला खेटून बसत, पेटीच्या लाकडावर तळहात टेकीत, आणि इतरांच्या माना हलल्या की आपलीही मान हलवीत. तुझ्या आईने हे लहानपणी पाहिले आहे; तिची झोप उगाच उडालेली नाही.

अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि ती शिट्टी म्हणजे त्यांचीच फिर्याद असू शकते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ही कामगारांसाठी मानलेली मर्यादा. त्यापुढे दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरतात. आजोबांना पोटासाठी ते सोसावे लागले. तुझ्यावर कोणत्या मुकादमाचा हुकूम आहे? त्यांनी लाचारीने गमावले ते तू हौसेने उधळावेस, याला मूर्खपणा नाही तर काय म्हणावे?

रागावू नकोस. माझे भांडण त्या गाण्यांशी नाही. तुझा तो ‘इव्हॉल्व्ह’ आल्बम मीही शेजारच्या मुलाकडून मागून घेऊन सावकाश ऐकला. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि त्यांचे सोबती ऐंशीच्या दशकापासून ‘रॉक मशीन’ या बँडच्या नावाने याच शहरात वाजवीत होते. परक्यांच्या गाण्यांची नक्कल उत्तम साधली की भरून पावलो, असे मानणाऱ्या जमान्यात स्वतःची गाणी रचण्याचा हट्ट त्यांनी धरला, १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, १९९७ मध्ये पांगले, २०१० मध्ये पुन्हा एकत्र आले, आणि २०१२ मध्ये हा आल्बम काढला. म्हणूनच मला त्यात विशीतला दंगा ऐकू आला नाही. अर्धवट राहिलेले काम प्रौढ वयात पुन्हा हाती घेणाऱ्यांची समजूत ऐकू आली. पर्ल जॅम या बँडच्या ‘टेन’ आल्बमचे ध्वनिमिश्रण ज्या टिम पामरने केले, त्याच्याच हाती त्यांनी याचे ध्वनिमिश्रण सोपविले. वाद्यांचा एकेक थर वेगळा ऐकू यावा म्हणून त्यांनी एवढा खटाटोप करावयाचा, आणि तू आवाज शेवटच्या टोकाला नेऊन त्या थरांचा गाळ करावयाचा! पण मी पुन्हा कानांवरच आलो.

ऐंशीच्या दशकात माझी कचेरी धोबीतलावानजीक होती. ऑगस्टात रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा संगीतमहोत्सव भरे, तेव्हा भिंतीपलीकडचा तो गडगडाट ऐकत मी रस्त्यावर घुटमळत असे. तिकीट परवडण्याजोगे होते, वयही फार झाले नव्हते; पण ज्या घरात मोठ्या आवाजाने बापाचे कान नेले, त्या घरच्या मुलाने पैसे मोजून त्यात शिरावे हे मनाला पटेना, आणि मी लालबागची बस धरी. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने तेथील कार्यक्रमच बंद झाले. त्या भिंतीआड काय होते, हे तुझ्यामुळे मला इतक्या वर्षांनी कळते आहे. तेव्हा तुला गाणे सोड म्हणण्याचा अधिकार मला कोठून असणार?

सोबत चेक आहे. बाहेरचा आवाज अडविणारे चांगले हेडफोन घे, म्हणजे लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज चढवावा लागणार नाही; आणि या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जा. एकट्याने जाण्याचा कंटाळा असेल तर मी येतो.

रविवारी जेवायला ये. मामीने वालाचे बिरडे करण्याचे योजिले आहे. तो आल्बम माझ्या स्पीकरवर लाव. इंग्रजी शब्द मला भरभर धरता येत नाहीत, तेव्हा तुला कोणते गाणे का आवडते ते मधे मधे थांबवून सांग. आवाज तुझ्या मर्जीने ठेव. मीच थोडा लांब बसेन.

तुझा,
मामा